झोपेच्या गोळीचे घराणे

बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या एखाद्या मेडिकलमध्ये रक्तदाबाची गोळी मागितली तर दुकानदार पाकीट काढतो, पैसे घेतो आणि व्यवहार संपतो. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम किंवा झोल्पिडेम मागितले तर त्याने तसे करू नये, असे कायदा सांगतो. 1 मार्च 2014 पासून देशभर लागू झालेल्या 'एच-वन' परिशिष्टात या गोळ्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागते. चिठ्ठी कोणत्या डॉक्टरची, रुग्ण कोण, औषध कोणते, दिले किती, हे सगळे तीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापावा लागतो. परिशिष्टात सुरुवातीला घेतलेल्या 46 औषधांत बहुतेक प्रतिजैविके आणि क्षयरोगावरची औषधे होती. त्यांच्या रांगेत झोपेची गोळी का बसली, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

या घराण्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रत्येक नवी गोळी आधीच्या गोळीच्या सवयीतून सुटका म्हणून आली. प्रत्येक वेळी डॉक्टरांना आणि रुग्णांना सांगण्यात आले की हिची सवय लागत नाही. ते खरे नाही हे सर्वांनी मान्य करायला बहुतेक वेळा दहा-वीस वर्षे गेली, आणि तोवर लाखो घरांत ती रोजची झालेली असे.

गोळी येण्याआधीही माणसांना झोप न येण्याचे दुःख होतेच. आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले, आणि चरकसंहितेत झोप उडण्याची कारणे व त्यावरचे उपाय सविस्तर आले आहेत: अभ्यंग, स्नान, दूध, तूप, मनाला सुखावणारे वातावरण. आपल्या घरांत यातलेच काही उरले. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायचे, जायफळ उगाळून कोमट दुधातून द्यायचे. या उपायांनी प्रत्येकाला झोप येईलच असे नाही, पण ते बंद केले म्हणून कुणाचे हातपाय थरथरले नाहीत. त्याच काळात दुसरा एक उपायही घराघरांत होता, तो म्हणजे अफू. मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची बारीकशी 'बाळागोळी' देऊन कामावर जात. बाळ दिवसभर झोपून राही, अंगाने खंगत जाई. या आयांना दोष देण्यात अर्थ नाही. मूल सांभाळायला घरी कुणी नव्हते आणि पाळी चुकली तर मजुरी बुडत होती. झोप विकत घ्यावी लागते ती बहुधा अशाच अडचणीतून. आजही त्यात फार फरक पडलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राने अफूला पर्याय शोधायला घेतले. आधी आले ब्रोमाइड. 1857 मध्ये लंडनचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारासाठी पोटॅशियम ब्रोमाइड वापरल्याचे सांगितले, आणि मन शांत करणारे औषध म्हणून ते झपाट्याने पसरले. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांतल्या मिक्श्चरच्या बाटल्यांतही ते असे. ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रोज घेणाऱ्याच्या रक्तात ते साचत जाई, आणि मग अंगावर पुरळ, बोलण्यात अडखळ, विस्मरण, भ्रम अशी लक्षणे दिसत. अनेकांना या अवस्थेत वेडाचा झटका समजून मनोरुग्णालयात ठेवले गेले.

दुसरा पर्याय क्लोरल हायड्रेटचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी ते 1832 मध्येच तयार केले होते, पण ते जवळपास चार दशके प्रयोगशाळेतच राहिले. 1869 मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांना वाटले की रक्तात गेल्यावर यातून क्लोरोफॉर्म सुटेल आणि माणूस झोपेल. तर्क चुकीचा होता, क्लोरोफॉर्म सुटत नव्हता. पण माणूस खरोखरच झोपला. प्रयोगशाळेत बनवलेले आणि खास झोपेसाठी वापरले गेलेले हे पहिले औषध. इंग्रज कवी-चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी निद्रानाशासाठी ते घेऊ लागले, जोडीला व्हिस्की आली, मात्रा वाढत गेली, आणि 1882 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची त्यातून सुटका झाली नाही.

या पूर्वजाचे नाव आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर क्वचितच दिसते. तरी ते गेलेले नाही. महाराष्ट्रात ताडीच्या नावाखाली जे विकले जाते त्यात अनेकदा क्लोरल हायड्रेटच मिसळलेले असते, आणि राज्य उत्पादन शुल्क खाते व पोलीस त्याचे साठे वारंवार पकडतात. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणाच्या पट्ट्यात ताडीत अल्प्राझोलम आणि डायझेपाम मिसळल्याची प्रकरणे घडली आहेत. तिथे अशी ताडी एकाएकी मिळेनाशी झाली की रुग्णालयांत थरथर, भ्रम आणि फिट घेऊन माणसे येतात. आपण झोपेच्या औषधावर अवलंबून होतो हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकही नसते. ते आपले ताडीच पीत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बिट्युरेट आले. आडोल्फ फोन बायर यांनी 1864 मध्ये बार्बिट्युरिक आम्ल तयार केले होते. त्या आम्लात झोप आणण्याचा गुण नव्हता. एमिल फिशर आणि योझेफ फोन मेरिंग यांनी त्यापासून बार्बिटाल बनवले, आणि 1903 मध्ये ते 'वेरोनाल' या नावाने बाजारात आले. ब्रोमाइडची खारट चव आणि क्लोरलचा दर्प सोसलेल्यांना ही पांढरी भुकटी वरदान वाटली. 1912 मध्ये आलेले फिनोबार्बिटाल अपस्मारावर इतके उपयोगी ठरले की ते आजही वापरात आहे. आपल्याकडे ते 'गार्डिनल' या नावाने पिढ्यांना माहीत आहे. पण या वर्गाचा एक दोष जीवघेणा होता. झोप आणणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत अंतर फार थोडे होते. सवयीमुळे झोपेसाठी लागणारी मात्रा वाढत जाई, जीव घेणारी मात्रा मात्र जवळपास तिथेच राही. मधली वाट अरुंद होत जाई आणि दारूचा एखादा पेलाही पुरे होई. 1962 मध्ये हॉलिवूड अभिनेत्री मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतर तिच्या शरीरात बार्बिट्युरेट आणि क्लोरल हायड्रेट दोन्ही सापडली.

यानंतरची पिढी भारतात जन्मली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत सय्यद हुसेन झहीर आणि त्यांचे सहकारी कक्कर यांनी 1951 मध्ये मेथाक्वालोन हा रेणू तयार केला. झहीर पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्यांचा शोध झोपेच्या औषधाचा नव्हता. या रेणूने झोप येते हे लखनौच्या संशोधकांनी 1955 मध्ये दाखवले. बार्बिट्युरेटमुळे झालेल्या मृत्यूंनी धास्तावलेल्या पाश्चात्त्य जगाने ते उचलले, कारण हे बार्बिट्युरेट नव्हते आणि एवढे कारण त्या वेळी पुरेसे वाटले. 1965 च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'मँड्रॅक्स' आणि अमेरिकेत 'क्वालूड' आले. दोन दशकांच्या आत ते नशेचे पदार्थ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि 1984 मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर पूर्ण बंदी आली. चोरटा धंदा मात्र थांबला नाही. 2016 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने उदयपूरजवळ मँड्रॅक्सचा सुमारे साडेतेवीस टनांचा साठा पकडला. भारतीय शास्त्रज्ञांनी प्रामाणिक शोधातून दिलेल्या रेणूचा शेवट असा व्हावा, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

आज आपण जिला झोपेची गोळी म्हणतो तिचा जनक लिओ स्टर्नबाख. औषधविक्रेत्याचा मुलगा, क्राकोव्हमध्ये शिकलेला ज्यू रसायनशास्त्रज्ञ. 1941 मध्ये युरोपातून निघून तो अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्याने एका रसायनकुळावर काम करून ते सोडून दिले होते. 1957 मध्ये टेबल आवरताना सहकाऱ्याला त्यातलेच एक न तपासलेले संयुग सापडले. टाकून देण्याआधी ते चाचणीला पाठवले गेले, आणि प्राणी शांत होऊनही सावध राहतात असे दिसले. 1960 मध्ये त्यातून 'लिब्रियम' आले, 1963 मध्ये 'व्हॅलियम', म्हणजे डायझेपाम. या बेन्झोडायझेपिन वर्गाची एक गोष्ट खरोखरच चांगली होती: एकट्या गोळ्यांनी, दारू किंवा अफूवर्गीय औषधांची जोड नसताना, श्वास सहसा थांबत नव्हता. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला तो रास्त होता. 1969 ते 1982 या काळात व्हॅलियम हे अमेरिकेतले सर्वाधिक खपाचे औषध होते. एकट्या 1978 मध्ये तिथे दोन अब्जांहून अधिक गोळ्या विकल्या गेल्या.

आपल्याकडे तीच गोळी 'काम्पोज' होऊन आली. रॅनबॅक्सी कंपनीने 1960 च्या दशकाच्या अखेरीस डायझेपाम या नावाने बाजारात आणले आणि ते नाव मराठी घरांत इतके रुळले की कुठल्याही शांत करणाऱ्या गोळीला लोक काम्पोजच म्हणू लागले. परीक्षेच्या आदल्या रात्री, मुलीच्या लग्नाच्या धावपळीत, घरात मयत झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणायचे, "काकूंना अर्धी काम्पोज द्या, जरा पडतील."

बडोद्याला हे घराणे परके नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळात 1890 मध्ये इथे कलाभवन उभे राहिले, ते त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने. त्याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासह 1907 मध्ये ॲलेम्बिक ही कंपनी सुरू केली. 1943 मध्ये साराभाई केमिकल्स आली आणि बडोदे औषधांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. 1983 मध्ये वापीला मनोविकारांवरच्या मोजक्या औषधांनी सुरू झालेल्या सन फार्माने पुढे आपले संशोधन केंद्र बडोद्यात काढले, आणि 2015 मध्ये काम्पोजवाली रॅनबॅक्सी याच सन फार्मात विलीन झाली.

शहराच्या उत्तरेला खताचा कारखाना, कोयलीची रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल्स उभे राहिले. तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या या उद्योगांतल्या लोकांनी निजामपुरा, छाणी, फतेहगंज या भागांत घरे केली. ज्याची रात्रपाळी दर आठवड्याला फिरते त्याच्या शरीराला दिवस कोणता आणि रात्र कोणती हेच उमगत नाही. निवृत्तीनंतर पाळी सुटते, पण तुटलेली झोप तशीच राहू शकते. आता त्या घरांत दोघेच उरलेले असतात, मुले पुण्याला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला. रात्री मुलांशी बोलून फोन ठेवला की घर फार शांत होते. कधीतरी, एखाद्या शस्त्रक्रियेनंतर किंवा जोडीदार गेल्यावर, डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी गोळी लिहून दिलेली असते. पंधरा दिवस उलटून वर्षे होतात. चिठ्ठी जुनी होते, गोळी चालूच राहते.

असे का होते, याचे उत्तर विज्ञानाला 1977 मध्ये मिळाले. त्या वर्षी संशोधकांच्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मेंदूत या औषधांची बसण्याची जागा शोधून काढली. मेंदूत गॅबा नावाचे रसायन असते. चेतापेशींची धाव रोखणारा तो ब्रेक आहे, आणि या गोळ्या तो अधिक जोराने दाबतात. रोज बाहेरून दाब मिळू लागला की मेंदू स्वतःचा दाब कमी करतो. काही आठवड्यांत तीच मात्रा कमी पडू लागते. मग गोळी एकदम बंद केली की ब्रेक जवळपास लागतच नाही. झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते, छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, आवाज आणि उजेड सोसत नाहीत. मात्रा मोठी आणि वापर दीर्घ असेल तर फिट येऊ शकते, आणि ती प्राणघातकही ठरू शकते.

या घराण्यातला प्रत्येक दोष उशिरा का कळला, त्याचेही उत्तर इथेच आहे. गोळी थांबवल्यावर जे होते ते मूळ आजारासारखेच दिसते. दोन रात्री तळमळून काढलेला माणूस स्वतःच्या अनुभवावरून ठरवतो की गोळीशिवाय आपल्याला झोप नाही. घरचेही तेच म्हणतात. घाईत असलेला डॉक्टरही तेच मानतो. प्रत्यक्षात ती तळमळ बऱ्याचदा गोळीनेच मागे ठेवलेली असते. आपल्याच अभावाचे दुःख निर्माण करून स्वतःची गरज सिद्ध करणारे हे औषध आहे. म्हणूनच ज्याला सवय लागली त्याला व्यसनी म्हणून हिणवू नये. त्याने मौजेसाठी काही घेतले नाही. डॉक्टरांनी सांगितले ते घेतले आणि थांबवायला गेल्यावर जे भोगले त्यातून साधा निष्कर्ष काढला.

लिब्रियम आल्यावर वर्षभरातच, 1961 मध्ये, अमेरिकेतल्या लिओ हॉलिस्टर यांनी मोठी मात्रा अचानक थांबवल्यास काय होते ते दाखवून दिले होते. तरी ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच द्याव्यात असे बजावायला 1988 उजाडले. ब्रिटनमध्येच, न्यूकॅसलला, प्राध्यापक हीदर ॲश्टन यांनी 1982 पासून बारा वर्षे गोळ्या सोडवण्याचे खास क्लिनिक चालवले. रुग्ण सांगतात ते खरे मानून त्या शिकल्या, मात्रा किती सावकाश उतरवावी याची रीत त्यांनी बसवली, आणि 1999 मध्ये ती पुस्तिकेच्या रूपाने सर्वांसाठी खुली केली. या कुळकथेत रेणू शोधणाऱ्यांची नावे पुष्कळ आहेत. माणसे सोडवणाऱ्या या बाईंचे नाव त्यांच्या बरोबरीने घेतले पाहिजे.

तोवर पुढची पिढी आली होती. 1980 च्या दशकात झोपिक्लोन आणि झोल्पिडेम निघाल्या. रासायनिक घडण निराळी, पण मेंदूत बसण्याची जागा तीच. सवय कमी, दुसऱ्या दिवशी गुंगी नाही, असे त्यांच्याविषयी सांगितले गेले. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी झोल्पिडेमची सुरुवातीची मात्रा 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणली, कारण स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश उतरते आणि सकाळी गाडी चालवताना धोका राहतो. 2019 मध्ये झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, गाडी चालवणे अशा घटनांमुळे पाकिटावर सर्वांत कडक इशारा आला. 2020 मध्ये साऱ्या बेन्झोडायझेपिनवर अवलंबन आणि बंद करतानाच्या त्रासाचा तसाच इशारा लावला गेला. पहिल्या बेन्झोडायझेपिननंतर साठ वर्षांनी.

आपल्याकडे या गोळ्यांचे दुसरे आयुष्य रस्त्यावर आहे. मालेगाव-धुळ्याकडे अल्प्राझोलमला 'कुत्ता गोळी' म्हणतात, मराठवाड्यात नशेच्या गोळीला 'बटन'. नोंदवहीचा कायदा या चोरट्या वाटा रोखायला हवाच. पण घरातल्या सवयीवर त्याचा इलाज चालत नाही. वहीत औषध कुणी लिहिले, कुणाला दिले, किती दिले याचे रकाने आहेत. ते कधी थांबायचे आहे, याचा रकाना नाही. सारे नियम पाळूनही एखाद्या आजींची गोळी दहा वर्षे चालू राहू शकते.

वय झाल्यावर हीच गोळी अधिक महाग पडते. म्हातारपणी शरीर ती सावकाश उतरवते. डायझेपामसारख्या गोळ्यांचा अंश तर कित्येक दिवस रक्तात रेंगाळतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, आणि चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. विसरभोळेपणा वाढतो तो वयाच्या नावावर खपतो. घोरण्यात श्वास अडकण्याचा आजार असेल, फुप्फुसे कमजोर असतील किंवा संध्याकाळी पेला घेण्याची सवय असेल तर धोका आणखी वाढतो.

हे वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी फेकून देऊ नये. अशी अचानक बंदी स्वतःच धोकादायक आहे. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. नव्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांत मात्रेचा पाच ते दहा टक्के भाग कमी करतात, शरीराचे बघून थांबतात, मग पुढे जातात. महिने लागले तरी चालतात. जोडीला झोपेसाठीची वर्तणूक-उपचारपद्धती असावी: उठण्याची वेळ पक्की ठेवणे, झोप आल्याशिवाय अंथरुणावर न जाणे, जाग आली तर कूस बदलत न पडता उठून बसणे, झोपेविषयीची धास्ती समजून घेणे. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून हाच असावा, असे 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितले. काही आजारांत गोळी लागतेच. तीव्र दुःखाच्या काही रात्री तिच्या आधाराने निघत असतील तर त्यात कमीपणा नाही.

घराण्यात आता आणखी एक पिढी आली आहे. मेंदूला जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन या रसायनाचा मार्ग अडवणाऱ्या गोळ्यांपैकी पहिली, सुव्होरेक्झंट, 2014 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिची जात वेगळी आहे आणि सवय कमी लागते असे आजवरचा अनुभव सांगतो. तो टिकला तर आनंदच आहे. पण क्लोरल, वेरोनाल, मँड्रॅक्स, काम्पोज या सगळ्यांच्या तरुणपणी लोकांनी हेच ऐकले होते. म्हणून गोळी नवी असो की जुनी, चिठ्ठी हातात पडताच डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: ही किती दिवस घ्यायची, आणि बंद कशी करायची? उत्तर त्याच चिठ्ठीवर तारखेसह लिहून घ्यावे, आणि आई-वडील एकटे राहत असतील तर ती तारीख मुलांनी आपल्याकडेही टिपून ठेवावी.